क्लाउड विकसन-परिसर

आज्ञावली लिहिण्यासाठी लागणारा संपादक, कंपायलर वा इंटरप्रिटर (लिहिलेले यंत्राला समजेल असे करणारे), लायब्रऱ्या (तयार कोडचे संच), डेटाबेस आणि टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) हा सारा संसार स्वतःच्या यंत्रावर न मांडता दूरच्या सर्व्हरवर मांडून ब्राउझरमधून वापरण्याची व्यवस्था. ‘विकसन-पर्यावरण’ असाही पर्याय काही जण योजतात; त्याने झाडे आणि नद्या डोळ्यांपुढे येतात, म्हणून येथे ‘परिसर’ घेतला आहे. बडोद्याच्या मराठी घरांतली मुले मराठीत काय नि गुजरातीत काय, ‘सेटअप’ एवढेच म्हणतात.

उगम : आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. एक पक्ष तो एमआयटीत १९६१ मध्ये दाखविलेल्या सीटीएसएस या कालविभाजन प्रणालीपर्यंत मागे नेतो. तेथेही टंकन एकीकडे आणि गणन दुसरीकडे होते. दुसरा पक्ष मोझिलाने २००९ मध्ये खुल्या केलेल्या बेस्पिन या ब्राउझरमधील संपादकापासून मोजतो. बेस्पिन पुढे स्कायरायटर या नावाने ओळखला गेला आणि मग एस या संपादकात विलीन झाला. एसवरच क्लाउड-नाइन उभे होते. ते ॲमेझॉनने २०१६ मध्ये विकत घेतले आणि २०२४ मध्ये नव्या ग्राहकांना त्याचे दार बंद केले. पहिल्या मताची अडचण अशी, की कालविभाजनात एकच यंत्र अनेकांत वाटले जाई, तर येथे प्रत्येक कामाला स्वतंत्र परिसर मिळतो आणि काम संपल्यावर तो मोडून टाकता येतो. दुसरे मत संपादकाचा इतिहास सांगते, मांडणीचा नव्हे. मांडणीची कृती लिहून प्रकल्पाबरोबरच ठेवण्याची रीत व्हेग्रंट (२०१०) आणि डॉकर (२०१३) या साधनांनी रुळवली. म्हणून या परिसराचा धागा तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मांडणी : गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या कोडस्पेसेससारख्या सेवा प्रकल्पातील ‘डेव्हकंटेनर’ फोल्डरमधली एक जेसन फाइल वाचतात. कोणती कंटेनर-इमेज (परिसराचा तयार साचा) घ्यायची, वर कोणती साधने चढवायची, कोणते पोर्ट (जोडणीचे दार) उघडायचे, हे तीत लिहिलेले असते. ती नीट असेल तर नवख्याला एक बटण दाबण्यापलीकडे काही उरत नाही. नीट नसेल तर जुनीच डोकेदुखी दूरच्या यंत्रावर जाते. नेहमीची चूक आज्ञांच्या जागेची. लायब्रऱ्या उतरवण्याची आज्ञा ‘पोस्ट-क्रिएट’ टप्प्यात घातली, तर पूर्वबांधणी (परिसर आधीच बांधून ठेवणे) करूनही वेळ वाचत नाही, कारण पूर्वबांधणीत ‘ऑन-क्रिएट’ आणि ‘अपडेट-कंटेंट’ हेच टप्पे चालतात. इमेजपुढे ‘लेटेस्ट’, म्हणजे त्या वेळची सर्वांत नवी आवृत्ती, लिहिणे ही दुसरी चूक. आज चालणारा परिसर पुढल्या सत्रात कुरकुरतो. परवलीचे शब्द फाइलीत लिहू नयेत, सेवेच्या गुपित-कप्प्यात ठेवावेत. परिसर पुन्हा बांधला की ‘वर्कस्पेसेस’ फोल्डरमधले टिकते, बाहेरचे बहुधा पुसले जाते.

बडोद्यातील वापर : १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने स्थापन झालेल्या कलाभवनातून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्याशाखा वाढली. शहरातील तंत्रशिक्षणाची ही जुनी वाट. नव्या वाटेवरचा प्रसंग मात्र दांडिया बाजारातल्या एका घरातला. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डॉकर आणि डेटाबेस एकत्र चालेनात, पंखा वाजू लागला, आणि आतून आजी म्हणाल्या, ‘‘अरे, ते विमान बंद कर!’’ तोच प्रकल्प ब्राउझरमधून उघडल्यावर पंखा गप्प झाला. संपादक ब्राउझरमध्येच चालत असल्याने नेट मंद असले तरी अक्षरे अडत नाहीत. टर्मिनल मात्र अडते. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तर प्रॉक्सीने (संस्थेच्या मधल्या सर्व्हरने) वेब-सॉकेट ही सतत उघडी राहणारी जोडणी अडवल्यामुळे पान उघडायचे पण टर्मिनल जोडलेच जात नसे. प्रस्तुत नोंदकाराच्या दोन तासिका त्यात गेल्या. ‘‘सर, घरी चालतंय ना!’’ ही विद्यार्थ्यांची तक्रार खरी होती.

खर्च : कोडस्पेसेसच्या वैयक्तिक मोफत खात्याला महिन्याला १२० कोअर-तास (प्रोसेसरच्या एका गाभ्याचा एक तास) मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर ६० तास. काम थांबल्यावर यंत्र आपोआप झोपण्याची मुदत मुळात ३० मिनिटांची असते. ती कमी करून ठेवावी.