पार्श्वभूमी : ‘वडिलांचा व्यवसाय – नोकरी’

शिक्षण संपल्यावर स्वतःचं काही सुरू करणार का, हे कॉलेजच्या मुलांना हल्ली देशोदेशी फॉर्मवर विचारलं जातं. याची सुरुवात साठच्या दशकात शोधता येते. एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तेव्हा आंध्रातल्या काकिनाड्यातल्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन त्यांची जिद्द वाढते का ते पाहिलं होतं. ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली तीही त्याच दशकात. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा वाढला. आपल्या घरांत मात्र तिथून कारखानदारी आली नाही, आली ती पहिली-दुसरी पाळी.

आजच्या फॉर्मचा पाया म्हणजे १९९१चा एक मानसशास्त्रीय सिद्धांत. एखादी गोष्ट करायचं माणूस ठरवतो तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात: त्याला ती हवीशी वाटते का, जवळच्यांना रुचेल का, आणि आपल्याला जमेल असं वाटतं का. २००९मध्ये स्पेन आणि तैवानमधल्या ५१९ जणांवर तपासलेली प्रश्नावली आली आणि तीच सगळीकडे पसरली. तिच्यात जवळच्यांच्या मताचा थेट परिणाम दिसला नाही. तो उरलेल्या दोन गोष्टींतून झिरपत येत होता. यावरून ‘घरच्यांचं फारसं चालत नाही’ असा अर्थ काढणं घाईचं होतं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुठल्याही घरात हे सांगून बघा.

ही प्रश्नावली मराठीत आणताना खरा घोळ शब्दाचा. ‘उद्योजक’ म्हटलं की मुलांना कारखान्याची चिमणी दिसते. ‘धंदा’ म्हटलं की आई दचकते. ‘उद्योग’ला ‘नसते’ कायमचं चिकटलेलं. उरला ‘व्यवसाय’, आणि तो तर सगळ्यांत फसवा, कारण शाळाप्रवेशापासून आपण ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘नोकरी’ लिहीत आलो आहोत. ऐरोलीच्या एका वर्गात मराठी मसुदा वाटला तेव्हा घणसोलीच्या एका मुलाने ‘घरात कुणाचा व्यवसाय आहे का?’ यापुढे ‘हो’वर खूण केली. वडील कंपनीत सुपरवायझर, म्हणून ‘हो’. आई रोज चाळीस डबे करून देते, यानेच ते सकाळी पोचवायचे. तिच्यापुढे त्याने ‘गृहिणी’ लिहिलं होतं. असे फॉर्म गोळा करून तैवानशी तुलना करायची!

२०१६मध्ये केंद्राने ‘स्टार्टअप’ची व्याख्या केली आणि गोंधळात भरच पडली. त्या व्याख्येप्रमाणे मान्यतेसाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागायची. एकट्याच्या मालकीचं काम त्यात बसत नाही. तेव्हा उलाढालीची मर्यादा २५ कोटी होती, २०१९मध्ये ती १०० कोटी झाली. मुलं आता डब्यांना ‘आईचं काम’ म्हणतात आणि ॲपला ‘स्टार्टअप’. शेवटी मसुद्यात ‘व्यवसाय’ऐवजी ‘स्वतःचं काम, पगार नसलेलं’ असं लिहिलं. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग क्लासेस?’