दिवा मालवल्यावर, डोळ्यांना न दिसणारी चमक

छताला चिकटवलेले, अंधारात हिरवट चमकणारे प्लास्टिकचे तारे पाहून आपण सहज म्हणून टाकतो, ‘दिवसभर प्रकाश साठवला, आता सोडतोय.’ पण प्रकाश डब्यात भरून ठेवता येत नाही. साठते ती ऊर्जा, आणि ती सांभाळतात वाटेत अडकून पडलेले इलेक्ट्रॉन.

ते अडकतात स्फटिकातल्या खोडींमध्ये. 1996 साली पुढे आलेल्या स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटच्या पदार्थात युरोपियम आणि डिस्प्रोझियम या धातूंची मुद्दाम किंचित भेसळ केलेली असते. चमकण्याचं काम युरोपियमचं. डिस्प्रोझियममुळे मात्र प्रकाश पडल्यावर युरोपियमपासून उडालेल्या इलेक्ट्रॉनला अडकायला चांगले खड्डे मिळतात. स्फटिकाचे अणू उष्णतेने सतत थरथरत असतात. त्या धक्क्यांनी एखादा इलेक्ट्रॉन उसळून खड्ड्याबाहेर येतो, युरोपियमपाशी परततो आणि प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो. म्हणजे सगळी मजा खड्ड्याच्या खोलीत आहे. खड्डा उथळ असेल तर सगळे क्षणात पसार, फार खोल असेल तर कोणी बाहेरच येत नाही. खोली जेमतेम 0.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टने (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं चिमुकलं एकक) वाढली, तरी नेहमीच्या तापमानाला सुटकेची वाट सुमारे 50 पट लांबते! चमकणारा तारा फ्रीझरमध्ये ठेवून पाहा, मंद पडेल. बाहेर काढून कोमट केलात की पुन्हा उजळेल. (स्फटिकात खरोखरच ऊर्जा साठते, पण ती ज्यूलमध्ये मोजता येते. गळ्यात घालायच्या खड्यांतल्या ‘सकारात्मक ऊर्जे’चं एकक अजून कोणी सांगितलेलं नाही.)

आता हीच चमक अतिनील हवी असेल तर? हिरव्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा सुमारे 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, 250 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील कणाची जवळपास 5. घेतल्याशिवाय देता येत नाही, म्हणून साधा दिवा इथे पुरत नाही. प्रेझिओडायमियम हा धातू मिसळलेल्या काही फ्लुओराइडांना (फ्लोरिनच्या संयुगांना) क्ष-किरणांनी ‘भरावं’ लागतं. मग क्ष-किरण बंद केल्यावरही ती तासन्‌तास अतिनील प्रकाश सोडत राहतात, आणि आपल्याला तो खडा नुसता पांढरा, निर्जीव दिसतो.

अशा चकत्या ठेवल्या की खोली आपोआप निर्जंतुक होईल, असं कोणी सांगितलं तर सावध राहा. जंतू मारायला अतिनील किरणांची पुरेशी मात्रा लागते; ही चमक क्षीण असते आणि दर तासाला आणखी क्षीण होते.

खरा उपयोग खुणेसाठी. सूर्याचे 280 नॅनोमीटरखालचे किरण वातावरणातला ओझोन वरच्या वर गिळतो, त्यामुळे जमिनीवर त्या पट्ट्यात भर दुपारीही काळोखच असतो. त्याच पट्ट्यात पाहणाऱ्या कॅमेऱ्याला हा पांढरा खडा रखरखीत उन्हातही एकटाच लुकलुकताना दिसतो.