त्या भाषणामागची पन्नास वर्षं : युन यो-जंग

26 एप्रिल 2021, सोमवार. आपल्याकडे सकाळ झाली होती, पण त्या दिवसांत ऑस्करची शुद्ध कोणाला होती? फोन वाजला की बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर. तिकडे लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनात, हो, चक्क रेल्वे स्टेशनात, सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर हातात घेऊन 73 वर्षांची एक कोरियन बाई बोलत होती. ते भाषण आपल्यातल्या बहुतेकांनी नंतर केव्हातरी मोबाइलवर पाहिलं आणि हसलो. बाई ब्रॅड पिटला विचारत होत्या, आम्ही टल्सामध्ये शूटिंग करत होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात? (ज्या 'मिनारी' सिनेमासाठी हे ऑस्कर मिळालं, त्याची निर्मिती पिटच्या प्लॅन बी कंपनीची.) माझं नाव तुम्ही लोक वाटेल तसं उच्चारता, पण आज सगळ्यांना माफ केलं, असंही त्या म्हणाल्या. मग मुलांचे आभार मानले आणि शेवटी एका दिवंगत दिग्दर्शकाला पुरस्कार अर्पण केला.

अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या युन यो-जंग या पहिल्या कोरियन. या विभागात आशियाई स्त्रीला पुरस्कार मिळाला तो 63 वर्षांनी. त्याआधीची जपानची मियोशी उमेकी, 1958 सालची. पाश्चात्त्य वार्ताहरांना बाई नव्याने सापडल्यासारख्या वाटल्या. कोरियात मात्र त्यांना तीन पिढ्या ओळखत होत्या, आणि त्यातल्या एका पिढीने त्यांना वाळीत टाकायचाही प्रयत्न केला होता. भाषणातली एकेक ओळ उलगडली तर हे सगळं दिसतं.

सुरुवात भाषणात शेवटी आलेल्या नावापासून करावी लागते : दिग्दर्शक किम की-यंग.

युन यांचा जन्म 19 जून 1947चा, केसाँगचा. तेव्हा हे गाव 38व्या अक्षांशाच्या दक्षिणेला, म्हणून दक्षिण कोरियात होतं. 1953च्या युद्धविरामानंतर ते उत्तरेत गेलं ते गेलंच. वाढल्या सोलमध्ये. वडील लवकर वारले, आईने मुलींना वाढवलं. हानयांग विद्यापीठात कोरियन साहित्य शिकत असताना वरखर्चाला पैसे हवेत म्हणून त्या टीव्ही केंद्रात किरकोळ कामाला गेल्या आणि तिथे कोणीतरी सुचवलं म्हणून चाचणी देऊन बसल्या. 1966 साली टीबीसी या खासगी वाहिनीने त्यांना निवडलं. त्या काळी कोरियन वाहिन्या परीक्षा घेऊन नटनट्यांची तुकडीच भरती करत, बँकेत कारकून भरावेत तशी. टीव्हीवरच्या नटाला तिथे 'टॅलेंट' म्हणायची पद्धतही तेव्हापासूनची. पदवी राहिली ती राहिलीच. अभिनयाचं वेड वगैरे काही नव्हतं, हे त्या स्वतःच सांगतात.

1971 साली एमबीसी या वाहिनीच्या ऐतिहासिक मालिकेत त्यांना जांग ही-बिनची भूमिका मिळाली. ही कोरियन इतिहासातली गाजलेली खलनायिका : सुकजोंग राजाची मर्जी मिळवून दासीची राणी झालेली, मग पदच्युत झालेली आणि 1701मध्ये राजाज्ञेने विष घ्यावं लागलेली. प्रेक्षकांनी भूमिका इतकी मनावर घेतली की ज्या सरबताच्या जाहिरातीत युन होत्या, त्याच्या भिंतीवरच्या पोस्टरमधले त्यांचे डोळे लोकांनी फोडले, असं सांगतात. खलनायिकेला याहून मोठी दाद कुठली?

त्याच वर्षी किम की-यंगने त्यांना सिनेमात आणलं. हा गृहस्थ विलक्षण होता. दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेला, पण दवाखाना बायकोचा आणि त्या कमाईवर याचे सिनेमे. 1960चा त्याचा 'द हाउसमेड' आज कोरियन सिनेमाच्या शिखरांपैकी एक मानला जातो : मध्यमवर्गीय घर, दुमजली बांधकाम, जिना, उंदराचं विष आणि घर पोखरत जाणारी मोलकरीण. तीच गोष्ट त्याने 1971मध्ये 'वुमन ऑफ फायर' म्हणून पुन्हा केली, तेव्हा मोलकरीण झाल्या युन. पहिल्याच सिनेमाला ब्लू ड्रॅगन या कोरियन चित्रपट पुरस्कारांतला सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार, शिवाय स्पेनमधल्या सिट्जेस महोत्सवातही गौरव. पुढच्या वर्षी त्याच्याच 'इन्सेक्ट वुमन'मध्ये पुन्हा नायिका.

गंमत अशी की तेव्हा त्यांना हा माणूस आवडत नव्हता. चक्रम वाटायचा, त्याच्या सेटवर जीव नकोसा व्हायचा. त्याचं मोल कळलं ते साठीच्या आसपास, आणि तोवर आभार मानायला तो उरला नव्हता. 1997च्या बुसान महोत्सवात विस्मरणात गेलेल्या किमचे सिनेमे एकत्र दाखवले गेले, जगाने नव्याने दखल घेतली. पुढे बर्लिन महोत्सवाचं आमंत्रण होतं. त्याआधीच, फेब्रुवारी 1998मध्ये, घराला लागलेल्या आगीत तो आणि त्याची बायको दोघं गेले. ऑस्करच्या मंचावरचं अर्पण म्हणजे ही उशिरा फेडलेली उधारी.

आता मुलं. युन म्हणाल्या होत्या की मला घराबाहेर पडून काम करायला लावणाऱ्या माझ्या दोन मुलांचे आभार. आईने एवढे कष्ट केले त्याचं हे फळ. सभागृह हसलं. वाक्य विनोदी होतंच, पण ते अक्षरशः खरंही होतं.

सत्तरच्या दशकात कोरियन नटीचं लग्न झालं की कारकीर्द संपली, असाच हिशेब असे. साठच्या दशकातली लाडकी नायिका मून ही 1971मध्ये लग्न करून पडद्याआड गेली होती. (आपल्याकडची अशी यादीही छोटी नाही.) युन यांनी गायक जो यंग-नामशी लग्न केलं, दोघं अमेरिकेत फ्लोरिडाला गेले, दोन मुलगे झाले. प्रसिद्धी, मालिका, पुरस्कार, सगळं मागे राहिलं. 1984मध्ये त्या परतल्या आणि 1987मध्ये घटस्फोट झाला. आपण अमेरिकेत सुपरमार्केटच्या गल्ल्यावर ताशी 2.75 डॉलरने काम केलेलं आहे, हे त्यांनी पुढे मुलाखतींत काहीही न लपवता सांगितलं.

त्या वेळचा कोरियन कायदाही लक्षात घ्यायला हवा. 'होजू' पद्धतीत कुटुंबाचा प्रमुख पुरुष. मुलांची नोंद बापाच्या घराण्यात. घटस्फोटित आईला मुलांच्या ताब्याबाबत बापाच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली 1991पासून, आणि होजू पद्धत पूर्ण मोडीत निघायला 2008 उजाडलं. अशा समाजात चाळिशीची घटस्फोटित नटी टीव्हीवर दिसणं अनेकांना खटकायचं. तिला पडद्यावर घेऊ नका, असा सूर उघड लागत होता.

अशा वेळी मागे उभी राहिली ती लेखिका किम सू-ह्यन. कोरियन टीव्हीत पटकथालेखकाचं वजन दिग्दर्शकापेक्षा जास्त असतं, आणि किम सू-ह्यन म्हणजे त्या लेखकांतलीही सम्राज्ञी. तिच्या 1987च्या 'लव्ह अँड अँबिशन'मध्ये आणि 1991च्या 'व्हॉट इज लव्ह'मध्येही युन होत्या. यातली दुसरी मालिका लागली की रस्ते ओस पडत, असं तिच्याबद्दलही बोललं जातं. हे वाक्य आपल्याला ओळखीचं आहे.

तरी बरीच वर्षं मिळेल ते काम. मोठी भूमिका, छोटी भूमिका, आई, सासू, शेजारीण. नखरे करायला परवानगी नव्हती, कारण दोन मुलांच्या फिया होत्या. नट सर्वांत चांगलं काम करतो तो पैशाची नड असताना, हे त्यांचं म्हणणं कोरियात फार गाजलं. मला त्यांच्याविषयी जे वाटतं त्याचं मूळ इथेच आहे. कलेच्या साधनेबद्दल बोलणारे कलावंत पुष्कळ. पोटासाठी करत गेले आणि करता करता ते अंगात भिनलं, असं सरळ सांगणारे मोजके. त्यांच्या अभिनयात जी काटकसर आहे, अश्रू जपून वापरण्याची सवय आहे, ती मला या हिशेबी आयुष्यातून आलेली वाटते.

मुलं मोठी झाली. साठीनंतर त्यांनी ठरवलं की आता चैन करायची, आणि चैन म्हणजे काय, तर आवडत्या माणसांबरोबरच काम करायचं. त्याआधीच, 2003मध्ये, इम सांग-सूच्या 'अ गुड लॉयर्स वाइफ'मध्ये नवरा मरणपंथाला लागलेला असताना दुसऱ्या पुरुषावर खुशाल प्रेम करणारी सासू त्यांनी केली होती आणि पडद्यावरच्या कोरियन आईची मूर्तीच हलवली होती. 2010मध्ये त्याच दिग्दर्शकाने 'द हाउसमेड'ची नवी आवृत्ती केली. 1971ची तरुण मोलकरीण 39 वर्षांनी त्याच गोष्टीत परतली, घरातली जुनी, सगळं जाणून असलेली मोलकरीण होऊन. मायदेशातले सहायक अभिनेत्रीचे पुरस्कार त्या वर्षी जणू त्यांच्याच नावे लिहिलेले होते.

पण मला विचाराल तर त्यांची सगळ्यात धाडसी भूमिका 2016च्या 'द बॅकस लेडी'मधली. सोलच्या बागांमध्ये एकट्या म्हाताऱ्यांना बॅकस नावाचं शक्तिवर्धक पेय विकण्याच्या मिषाने देहविक्री करणाऱ्या वृद्ध बायकांचं हे वास्तव. चकचकीत मालिकांतला कोरिया पाहणाऱ्यांना धक्का बसेल, पण वृद्धांच्या दारिद्र्यात हा देश ओईसीडी या श्रीमंत देशांच्या गटात वर्षानुवर्षं सर्वांत पुढे राहिला आहे. युन यांनी ही बाई केली ती दयेचा लवलेश न मागता.

दुसऱ्याच वर्षी त्या 'युन्स किचन' या टीव्ही कार्यक्रमात इंडोनेशियाच्या एका बेटावर हॉटेल चालवताना, बुलगोगी (मुरवलेल्या मांसाचा कोरियन पदार्थ) परतताना दिसल्या. स्वयंपाकात गती बेताचीच, त्यात पहिल्याच दिवसानंतर हॉटेलच पाडलं गेलं आणि दुसऱ्या जागी संसार हलवावा लागला. त्यांची तिरकस बोलण्याची ढब तरुण मुलांना आवडली ती इथे. कोरियात ज्येष्ठांनी उपदेश करायचा असतो. या आजी स्वतःचीच टिंगल करत होत्या.

मग 'मिनारी'. दिग्दर्शक ली आयझॅक चंग अमेरिकेतल्या आर्कन्सॉमध्ये वाढलेला, गोष्ट त्याच्या बालपणावर बेतलेली, बजेट सुमारे 20 लाख डॉलर, चित्रीकरण ओक्लाहोमातल्या त्याच टल्साच्या उन्हाळ्यात. तुझ्या आजीची नक्कल करू का, असं युन यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, गरज नाही. म्हणून सून-जा ही आजी बिस्किटं भाजत नाही, पत्ते खेळते, शिव्या देते आणि ओढ्याकाठी मिनारीचं बी टाकते. ही पाणवठ्याजवळ आपोआप फोफावणारी भाजी. नातू म्हणतो, ही खरी आजी नाहीच. परक्या देशात दोन पोरं घेऊन राहणं काय असतं, हे त्या आजीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे 'पाचिंको' या मालिकेत जपानमध्ये आयुष्य काढलेली वृद्ध सुंजा त्यांनी केली, तीही मूळ गावापासून तुटलेली. केसाँगमध्ये जन्मलेल्या बाईला ते वेगळं शिकावं लागलं नसणार.

राहिला मुद्दा नावाचा. कोरियनमध्ये आडनाव आधी : युन हे आडनाव, यो-जंग हे नाव. पाश्चात्त्यांनी ते उलटंपालटं केलं, मोडलं. मार्च 2022मध्ये प्रथेप्रमाणे युन दुसऱ्यांना पुरस्कार द्यायला मंचावर आल्या आणि आधी त्यांनीच माफी मागितली : गेल्या वर्षी माझ्या नावावरून मी कुरकुर केली, आता यादीतली नावं पाहून कळतंय की हे किती अवघड असतं. पाकीट उघडलं. तोंडाने काही बोलण्याआधी त्यांचे हात हलले, सांकेतिक भाषेत. पुरस्कार कर्णबधिर अभिनेता ट्रॉय कॉट्सरचा होता. तो मंचावर आला, बाहुली हातात घेतली, आणि बोलायला तर दोन्ही हात मोकळे हवेत. युन यांनी त्याच्या हातून ती बाहुली घेतली आणि तो बोलून संपेपर्यंत सांभाळत शेजारी उभ्या राहिल्या.