सिट-स्टे आपल्याकडं आलं कुठनं

बेळगावात कुणी नवीन पिल्लू आणलं की थोड्या दिवसांनी एक प्रश्न ठरलेला, सिट म्हटल्यावर बसतंय झटक्यात खरं बसून राहत नाही, काय करायचं. आणि उत्तर देणारे पण ठरलेले, कॅम्पातले नाहीतर गल्लीतले कुणीतरी रिटायर्ड सुभेदार, "चेन घाला, उठलं की झटका द्या, आपोआप सरळ येतंय." मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच इथं, खानापूरपासनं निपाणीपर्यंत गावोगाव फौजी, त्यामुळं कुत्र्याची शिस्त म्हणजे फौजेची शिस्त हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि तसं बघितलं तर ते खरंच आहे, कारण सिट-स्टे, म्हणजे सोडेपर्यंत बसून राहणं, फौज-पोलिसांकडनंच आलंय, फक्त इथल्या नव्हे, जर्मनीतल्या.

कॉनराड मोस्ट म्हणून एक जर्मन पोलीस अधिकारी होता, सारब्रुकनला 1906 पासनं पोलिसांची कुत्री तयार करायचा. 1910 मध्ये त्याचं ट्रेनिंगवरचं पुस्तक आलं (इंग्रजीत यायला 1954 उजाडलं). गळपट्टा, दोरी, दरडावणीचा आवाज, कुत्रं जागेवरनं हललं की त्याच क्षणी परत तिथंच आणून बसवायचं, असा सगळा कारभार. आज वाचताना कडक वाटतंय. खरं चूक आणि शिक्षा यांच्यात वेळ गेला तर कुत्र्याला काही कळत नाही, बरोबर केलं की लगेच कौतुक पाहिजे, हे पण तोच सांगून गेलाय. लोकांनी त्यातली चेन तेवढी उचलली आणि टायमिंग तिथंच सोडून दिलं, असं माझं मत. पहिल्या महायुद्धात कुत्र्यांचा वापर प्रचंड वाढला, तयार करायला वेळ कमी, मग ही पद्धत सगळीकडं पसरली. कुत्र्याला एका जागी सोडून हँडलर लांब जाणार असला तर बसून राहणं ही शोभेची गोष्ट राहत नाही.

घरातल्या कुत्र्यापर्यंत हे आणलं ते एका बाईनं. हेलन व्हाइटहाउस वॉकर अमेरिकेत पूडल पाळायच्या, आणि पूडल म्हणजे नुसतं नटवं कुत्रं असं लोक म्हणायचे ते त्यांच्या जिव्हारी लागलं. इंग्लंडमधल्या पोलीस आणि फौजी कुत्र्यांच्या स्पर्धा बघून 1933 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कजवळ माउंट किस्कोला पहिली ओबिडियन्स टेस्ट (कुत्रं सांगितलेलं ऐकतंय का त्याची परीक्षा) घेतली, 1936 मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं नियम करून टाकले, आणि 1937 मध्ये त्या आणि ब्लांश सॉन्डर्स गाडीला ट्रेलर जोडून, सोबत कुत्री घेऊन अमेरिकाभर प्रात्यक्षिकं दाखवत फिरल्या. पुढं बरीच वर्षं चाललेला नियम असा, की नवशिक्यांच्या वर्गात कुत्र्यांना रांगेत बसवून मालक समोरच्या बाजूला जाणार, 1 मिनिट सिट आणि 3 मिनिटं डाऊन (आडवं पडून राहणं), वरच्या वर्गात मालक नजरेआड आणि वेळ 3 आणि 5 मिनिटं. आपल्याकडं "तीन मिनिटं बसलं पाहिजे" म्हणून जे सांगतात त्याचं मूळ बहुतेक इथंच असणार.

दुसरा रस्ता, झटक्याऐवजी बक्षीस देऊन शिकवायचा, तो प्रयोगशाळेतनं आला आणि तो लोकांना वाटतो तितका नवा नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं पहिलं मोठं पुस्तक 1938 चं, आणि 1951 च्या एका लेखात दाबलं की टक् वाजणारं खेळण्यातलं यंत्र वापरून कुत्र्याला कसं शिकवायचं ते त्यानं सोप्या भाषेत लिहिलंय. त्याचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड या नवराबायकोनं 1940 च्या दशकातच प्राणी शिकवायचा धंदा काढला, कोंबड्या, डुकरं, काय वाट्टेल ते. कुत्रेवाल्यांनी मात्र फारसं मनावर घेतलं नाही, ते 1980-90 च्या दशकात कॅरन प्रायर आल्यावर. ही बाई हवाईत डॉल्फिन शिकवायची, आणि डॉल्फिनच्या गळ्यात चेन कुठं घालणार, तो नुसता पोहत लांब जातो. क्लिकर, म्हणजे ते टक् वाजणारं यंत्र, जगभर गेला तो तिच्यानंतर.

दोन्हीतला फरक सिट-स्टेमध्ये एकदम उघडा पडतो. जुन्यात कुत्रं बसलेलं असताना मालक गप्प, उठलं की मालक जागा. नव्यात बसलेलं असतानाच पगार, म्हणजे खाऊ, आधी दोन सेकंदाला, मग पाच, मग दहा, आणि सोडायचा एक ठरलेला शब्द. तो शब्द येईपर्यंत सिट चालूच, म्हणून काहीजण "स्टे" म्हणतच नाहीत. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड या तीनपैकी एकावेळी एकच वाढवायची. बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी बघा, कुत्रं उठायच्या आधी सांगतंय, पुढचा एक पंजा हलका होतोय, कान बाजूला फिरतोय, मागचा भार पुढं येतोय, आणि मालक मोबाईलमध्ये. खाऊ द्यायला कुत्र्याजवळ परत जायचं, लांबनं हाक मारून बोलवायचं नाही, नाहीतर ते स्टे नाही शिकत, हाकेची वाट बघायला शिकतंय.

स्वतंत्र भारतात फौजेनं कुत्र्यांचं ट्रेनिंग 1960 च्या सुमारास मेरठला बसवलं, सीमा सुरक्षा दलाचं केंद्र 1970 पासनं ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला. जाती बहुतेक बाहेरच्या, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोर. आपले सुभेदारसाहेब जे शिकून आले ते या कुत्र्यांवर, आणि शेफर्ड हे माणसाच्या तोंडाकडं बघत काम करणारं जनावर, त्यामुळं झटक्यानं का होईना जमून जायचं.

आता या सगळ्यात मुधोळ आणा. शेजारच्या बागलकोटचं हे कुत्रं, कारवान पण म्हणतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी जात सांभाळली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, 2005 मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, 2016 मध्ये पिल्लं मेरठला पण गेली. खरं हे कुत्रं पिढ्यानपिढ्या कशासाठी पाळलं? लांबवर काय हललं की डोळ्यानं टिपायचं आणि सुटायचं. ससा उठेपर्यंत माणसानं पट्ट्यानं धरून ठेवायचं, मग सोडायचं. थांबायचं काम पट्ट्याकडं होतं, कुत्र्याकडं नव्हतंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार बंद झाली, रक्तातली धाव कुठं जाणार. ब्रेलँड नवराबायकोनं 1961 मध्ये नेमकं हेच लिहिलं, की डुकराला लाकडी नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं, छान टाकायचं, आणि काही आठवड्यांनी तेच डुक्कर वाटेत नाणं खाली पाडून नाकानं उकरत बसायला लागलं, खाऊ मिळायला उशीर झाला तरी. शिकवलेलं हळूहळू स्वभावाकडं घसरत जातं, हे बक्षीसवाल्यांनीच कबूल केलं.

शिवाय मुधोळची बांधणी बघा, छाती खोल, कंबर बारीक, मांड्या दगडासारख्या, कित्येकांचं ढुंगण फरशीला टेकतच नाही, वीतभर वर अधांतरी थरथरत असतंय. तिथं मालक चेन ओढून दाबतोय आणि म्हणतोय गावठी कुत्र्याला अक्कल नाही. वर घरात आजी मराठीत "बस" म्हणते, कामवाली कन्नडमध्ये "कुंद्रु", पोरं "सिट", आणि प्रत्येकाचा हात वेगळा.

मुधोळवाल्यांतली जाणती माणसं म्हणूनच सिटच्या मागं लागत नाहीत. चौपदरी केलेलं पोतं टाकायचं, त्यावर आडवं पडून राहायला शिकवायचं, सुरुवात घरात, मग अंगणात, शेळ्या-मेंढ्या जातात त्या रस्त्याकडंला सगळ्यात शेवटी आणि ते पण लांब दोरी बांधून. सुभेदारसाहेबांना हे पटत नाही, त्यांच्या मते हे लाड. त्यांच्याकडं शेफर्ड आहे.