७२९ बघून खजूर ठरवू नका
"बारकोड ७२९ ने सुरू होत असेल तरच माल इस्रायलचा, नाहीतर बिनधास्त घ्या" हा इस्रायली मालावर बहिष्कार घालणाऱ्यांसाठीचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, पण तसं नाहीये. पहिले तीन आकडे फक्त एवढंच सांगतात की कंपनीने नंबर कुठल्या देशाच्या जीएस१ (बारकोड नंबर देणाऱ्या) संस्थेकडून घेतला (भारताचा ८९०), माल कुठे पिकला ते नाही. म्हणजे इस्रायलने व्यापलेल्या वेस्ट बँकमधल्या जॉर्डन खोऱ्यातल्या इस्रायली वस्तीतला मेडजूल खजूर डच कंपनीने पॅक केला तर कोड ८७ ने सुरू होऊ शकतो, आणि त्याच खोऱ्यातल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याचा खजूर इस्रायली कंपनीमार्फत आला तर त्यावर ७२९ असू शकतो, मग शिक्षा नेमकी कोणाला? ज्याला खरंच मनापासून ठरवायचंय त्याने पाकीट उलटं करून बारीक अक्षरातलं मूळ ठिकाण वाचावं. युरोपियन युनियनच्या कोर्टाने तर २०१९ मध्येच सांगितलंय, वस्तीतल्या खाद्यपदार्थांवर नुसतं 'इस्रायल' चालणार नाही, वस्तीचा उल्लेख हवाच.