‘एव्हरेज काढून द्या’ : कार्बोरेटर ट्युनिंगची पार्श्वभूमी

परभणी-नांदेडकडच्या गॅरेजात जुनी मोटरसायकल आली की मालकाची पहिली मागणी ठरलेली असते : "एव्हरेज काढून द्या." ती उगाच नाही. राज्यात पेट्रोल सर्वांत महाग कुठे, या बातमीत परभणीचं नाव वर्षानुवर्षं येतंय. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर इथवर येईपर्यंत वाहतुकीचा खर्च भावात चढतो.

एव्हरेज ज्याच्यावर अवलंबून असतं ते यंत्र, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण करणारा कार्बोरेटर, मात्र फार जुनं. सुरुवातीच्या इंजिनांत पेट्रोलवरून हवा नेऊन वाफ गोळा करत. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी-चोंका यांनी पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर आणला. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, पेट्रोल ओढलं जातं. पूर्ण ज्वलनाला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते.

१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० बाजारात उतरली. टू-स्ट्रोक स्कूटरची सवय असलेल्या लोकांना फोर-स्ट्रोकचं एव्हरेज दिसलं आणि गाडी जोखायचं माप बदललं. तिथूनच कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू पिळून पेट्रोल कमी करायची खोड लागली, आणि माझ्या मते तिनेच गाड्यांचं जास्त नुकसान केलं. तो स्क्रू मुख्यतः स्लोवर आणि थोड्या रेसपर्यंतच काम करतो. पुढे नीडल (पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई), आणि फुल रेसला मेन जेट. शिवाय स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी. जाणता मिस्त्री आधी एअर फिल्टर झटकतो, गाडी गरम करतो, मग पाव-पाव फेरा फिरवत कान देतो. गाडी चालवून आणल्यावर प्लग काढून बघतो : काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, विटकरी-बदामी म्हणजे जमलं. मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत लीन गाडी तापते, पिकअप सोडते.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि नव्या गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन बसलं. जुन्यांपुढे आता नवा पेच आहे : पेट्रोलमध्ये मिसळलेलं, उसापासूनही बनणारं इथेनॉल. इथेनॉलला ९ भागच हवा पुरते, म्हणून ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर त्याच जेटची गाडी आपोआप लीन होते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जाही पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे एव्हरेज थोडं घटणारच. अशा गाडीचं पेट्रोल आणखी कमी करू नये. प्लग पांढरा दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघावा.