पाचवी रेघ तिरकी का?

"आमच्या पिल्लाला शंभरपर्यंत अंक येतात!" पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत हे कौतुक कानावर पडतं. माझी साडेतीन वर्षांची भाचीही अंक घडाघडा म्हणते. परवा तिच्यापुढे सात चिंचोके मांडले. बोट लावत ती "आठ"वर पोचली, कारण एका चिंचोक्यावर बोट दोनदा पडलं. "मग किती आहेत?" विचारलं, तर पुन्हा एकपासून सुरुवात! अंक म्हणणं हे पाठांतर झालं. मोजताना एका वस्तूला एकच अंक द्यायचा असतो आणि शेवटचा अंक हीच एकूण संख्या असते, हे मुलाला उमगावं लागतं.

मग पाटी-पेन्सिल घेऊन आम्ही गॅलरीत बसलो. रिक्षा गेली की एक रेघ. चार उभ्या, पाचवी त्यांना छेदणारी तिरकी. याच त्या ताळ्याच्या खुणा. 

खरी गंमत त्या पाचव्या रेघेत आहे. 1871 साली विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने एका डबीत घेवड्याचे दाणे टाकून, न मोजता, नजरेच्या एका फटक्यात आकडा सांगायचा प्रयोग स्वतःवरच हजाराहून अधिक वेळा केला. तीन-चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि पुढे वाढतच गेल्या. आपली नजर एका दमात तीन-चार वस्तूंचाच वेगवेगळा माग ठेवू शकते. त्यापुढे मोजावं लागतं किंवा अंदाज बांधावा लागतो. पाच उभ्या रेघा मोजाव्या लागतात, पण तिरकी रेघ पडली की त्यांची एक जुडी होते आणि नजरेला ती एकच वस्तू दिसते. अशा चार जुड्याही पुन्हा एका नजरेत मावतात. झाले वीस, म्हणजे जुन्या बाजारातली एक कोडी!

जुन्या अंकांतही रेघा अशाच लवकर थांबतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. चाराला मात्र चार रेघा नाहीत, वेगळीच खूण आहे.

डोळ्यांवर पट्टी बांधूनही मूल वाचू शकेल, असा दावा करणाऱ्या 'मेंदू जागवणाऱ्या' क्लासना पालक हजारो रुपये मोजतात. त्या दाव्यांना विज्ञानाचा काडीचा आधार नाही. पाटी घ्या आणि मुलाला स्वतः रेघ ओढू द्या, त्याच्या वतीने तुम्ही ओढू नका.

त्या संध्याकाळी पाटीवर दोन जुड्या आणि तीन सुट्या रेघा होत्या. भाचीने जुडीवर बोट ठेवलं आणि न मोजता म्हणाली, "हे पाच."